मेर्गेता आयालनेहचं घरचं बोलणं

मेर्गेता आयालनेहला पाणी हवं होतं आणि त्याच्या तोंडातून देवाची स्तुती निघाली.

एनानू, त्याची बायको, उशाशीच बसली होती. त्यानं डाव्या हातानं मडक्याकडे बोट केलं, ओठ हलवले, कपाळाची शीर ताणली. शब्द एवढासा, पण काही केल्या येईना. मग त्यानं छाती भरून श्वास आत ओढला आणि मोठ्या उपासाच्या दिवसांत चर्चमध्ये गातात ते स्तोत्र सुरू झालं. जुनी गीझ भाषा, लांबलचक आलाप, शेवटची मुरकीसुद्धा जागच्या जागी. स्तोत्र संपलं तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. एनानूनं त्याला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि ती उगाचच मडक्याशी खुडबुड करत बसली, कारण तिलाही रडू येत होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

मेस्केलच्या, म्हणजे क्रूसाच्या सणाला, डोंगरउतार पिवळ्या फुलांनी भरलेले असताना, आयालनेह चर्चमध्ये गाण्याच्या ऐन भरात कोसळला होता. गावकऱ्यांनी झोळी करून त्याला सडकेपर्यंत नेलं, तिथून गाडीनं शहरात. जीव वाचला. घरी आला तो उजवा हात, उजवा पाय ओढत, आणि जीभ कुलूप घातल्यासारखी. "ता... ता..." एवढंच काय ते बोलणं. बायकोचं नावही त्याला घेता येईना. असे काही आठवडे गेले, आणि एका सकाळी चर्चची घंटा वाजली तशी अंथरुणातून त्याचा तो जुना, खणखणीत आवाज उठला. अख्खं स्तोत्र. शेजारणीच्या हातून पाण्याचा डबा सुटला आणि ती ओल्या पायांनी तशीच गावभर धावत सुटली.

आमच्या गिरारबेर गावाला तेवढं पुरे होतं. दुपारपर्यंत आवारात माणसं गुडघे टेकून बसली होती.

मेर्गेता म्हणजे चर्चच्या गायकांचा म्होरक्या. हा माणूस कुणी नेमून होत नाही, झिजून होतो. आयालनेह दुधाचे दात पडायच्या वयात गुरूच्या शोधात घरातून पळाला, सोबत साहले नावाचा त्याचा मित्र. अंगावर मेंढीचं कातडं, काखेत भोपळ्याचा वाडगा. दारोदार देवाच्या आईच्या नावानं इंजेराचा, आंबट भाकरीचा, तुकडा मागायचा, कुत्र्यांचे चावे खायचे, आणि संध्याकाळी गुरूच्या झाडाखाली बसून गायचं. गुरूनं एक ओळ गायची, शिष्यांनी ती जशीच्या तशी मागून गायची. गुरूला खोकला आला तर शिष्यांनी मागून खोकावं, इतकी ती सवय अंगात मुरते. साहले पुढे धर्मगुरू झाला, अब्बा साहले म्हणून लोक त्याचे हात चुंबू लागले. आयालनेह मात्र गातच राहिला. गिरारबेरला आला, एनानूशी लग्न केलं, मिस्राक ही एकच मुलगी झाली, आणि गावच्या झाडाखाली बसून त्यानं शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या.

पण एनानूला विचाराल तर तिचा नवरा गाणारा नव्हताच, बोलणारा होता. तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबायचं नाव नाही. अब्बा साहलेच्या खेचराला तो 'बिशपसाहेब' म्हणायचा आणि भेटलं की वाकून नमस्कार करायचा. एनानूनं कॉफीचा पहिला पेला पुढे केला की म्हणायचा, "वा, आज पाण्याला कॉफीची स्वप्नं पडलेली दिसतात." ती म्हणायची, "नको असेल तर ठेवा." तो रीतीचे तिन्ही पेले संपवायचा आणि तळाशी उरलेल्या गाळालाही नावं ठेवायचा. एकदा कुणीसं विचारलं, म्हातारपणी मठात जाणार का? तर म्हणाला, "एनानू आधी गेली तर जाईन. ती असताना गेलो तर भांडायला देवच उरेल, आणि तो उलटून बोलत नाही."

घरात तो कधी साधं गुणगुणलासुद्धा नाही. देवाचा सूर देवाच्या घरी, आणि घरचं बोलणं घरी. एकदा देस्ता नावाच्या त्याच्या लाडक्या शिष्यानं नदीवर कपडे धुताना एका मुलीचं नाव स्तोत्राच्या चालीत गायलं. आयालनेहनं त्याला पूर्ण उपासाचा काळ चर्चच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. सगळ्या गावासमोर सांगितलं, "ज्यानं घरचं बोलणं देवाच्या सुरात घातलं, त्यानं गायकांत उभं राहू नये. मग तो कुणी का असेना." देस्ता रडला, पाया पडला, पण मेर्गेता विरघळला नाही. त्या बाबतीत माणूस दगड होता.

आणि आता त्याच्यापाशी फक्त देवाचाच सूर उरला होता. घरचं एकही अक्षर नाही.

लोक येऊ लागले. जगाची जीभ देवानं काढून घेतली आणि स्वतःची ठेवली, असं ते म्हणत. कुणी लग्नाचं विचारी, कुणी हरवलेल्या बैलाचं. आयालनेह त्यांना हाकलायला तोंड उघडी आणि जे स्तोत्र बाहेर पडे त्याचा लोक अर्थ लावत. उपासाचं आलं तर थांबा, जन्मोत्सवाचं आलं तर मुलगा होणार. अर्थ लावायला काय, आमच्या गावात सगळेच पंडित. त्यातून आमच्याकडे 'हो' म्हणायला ओठ हलवावे लागत नाहीत. श्वास झटकन आत ओढला की झालं 'हो'. आयालनेहला तर प्रत्येक स्तोत्राआधी श्वास ओढावाच लागे. त्यामुळे त्याला काहीही विचारा, तो आधी 'हो' म्हणे. मान हलवून नाही म्हणावं तर तीही उलटसुलट हले, आणि मग तो स्वतःवरच चिडून उशीवर मूठ आपटे. लोकांना वाटे, आत्मा संचारला.

वुदे नावाची एक विधवा होती. तिचा मुलगा सुदानच्या वाटेनं समुद्राकडे गेला होता आणि बरेच दिवस त्याची खबर नव्हती. तिनं आयालनेहचे पाय धरून विचारलं, "माझा मुलुकेन जिवंत आहे ना, मेर्गेता?" आयालनेहनं श्वास ओढला आणि पुनरुत्थानाच्या सणाचं स्तोत्र म्हटलं. वुदेनं आनंदानं टाहो फोडला. घरी जाऊन तिनं होती ती एकुलती मेंढी कापली आणि गावाला जेवू घातलं. एनानूनं तो घास तोंडात घेतला आणि तिला तो गिळवेना, कारण स्तोत्र संपल्यावर नवऱ्याच्या डोळ्यांत तिनं जे पाहिलं होतं ती भीती होती.

मिस्राक शहरात परिचारिका होती. नाताळाच्या सुट्टीत ती आली तेव्हा आवारातली गर्दी बघून तिचं डोकंच फिरलं. तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि आईला कॉफी भाजायला बसवून समोर ठाण मांडलं.

"आई, मी डॉक्टरांना सगळं विचारून आलेय. डोक्याच्या डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते. बाबांच्या त्या जागेचं रक्त थांबलं आणि ती मेली. गाण्याची जागा बरीचशी उजवीकडे असते, ती शाबूत आहे. लहानपणापासून पाठ झालेलं तिथून आपोआप बाहेर येतं. त्यांना म्हणायचंय एक आणि येतंय भलतंच."

"आणि रडतात ते?"

"त्याचाही लगाम सुटलाय. दुःख असो नसो, येतं."

"कधीकधी खरंही असेल ना?"

"असेल. पण खरं कुठलं ते बाहेरून कळत नाही."

एनानू तव्यावरचे दाणे हलवत राहिली. धूर डोळ्यांत गेला तरी तिनं तोंड वळवलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते आत आहेत."

"पूर्ण आहेत, आई. तुझं माझं सगळं कळतंय त्यांना." मिस्राक जरा जवळ सरकली. "एक उपाय आहे. साधे शब्द त्यांच्या ओळखीच्या चालीत बसवायचे आणि डाव्या हातानं ठेका धरायचा. हळूहळू काहींना बोलता येतं. सगळ्यांना नाही."

तिनं तिथंच करून बघितलं. बापाचा डावा हात धरून त्याच्या मांडीवर ठेका दिला आणि रविवारच्या स्तोत्राच्या चालीत गायली, "कॉफी... द्या..." आयालनेहनं हात हिसकावून घेतला. समोरचा पेला त्यानं असा उडवला की कॉफी भिंतीवर सांडली. मिस्राकनं पुन्हा प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशीही केला. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मुलीला वाटलं, हट्टी म्हातारा. एनानूला ठाऊक होतं की ज्या नियमासाठी त्यानं लाडक्या शिष्याला दाराबाहेर ठेवलं, तो नियम हा माणूस स्वतःच्या घोटभर कॉफीसाठी मोडणार नाही. सुट्टी संपली आणि मिस्राक आईच्या गळ्यात पडून रडून गेली.

त्यानंतर अब्बा साहले आला. तो काही लबाड माणूस नव्हता, हे आधी सांगायला हवं. मित्राच्या आजारपणात त्यानं स्वतः त्याचे पाय चेपले होते. तो बसला, त्यानं तीन पेले कॉफी घेतली, आणि मग बोलला.

"एनानू, सरोवरातल्या बेटावरच्या मठात ही वार्ता गेलीय. ते त्याला घ्यायला तयार आहेत. देवाच्या आईच्या सणाला, किदाने मेहरेतला, त्याच्या डोक्यावर संन्याशाची टोपी ठेवू आणि नावेनं घेऊन जाऊ. तिथं त्याची सेवा होईल. बायको म्हणून तुझी संमती लागेल."

एनानूला पुढचं ठाऊक होतं. टोपी ठेवण्याआधी माणसावर पांढरं वस्त्र घालतात आणि त्याच्यावर मयताची प्रार्थना गातात, कारण जगाला तो मेलेला असतो. आणि त्या बेटावर बाईच्या जातीला पाऊल ठेवता येत नाही. म्हणजे नाव किनारा सोडेल तेव्हाचं दर्शन हे शेवटचं.

"त्यांना विचारलंत?" ती म्हणाली.

"तुझ्यासमोरच विचारतो." अब्बा साहले आयालनेहच्या जवळ सरकला. "आयालनेह, लहानपणी आपण एकत्र भीक मागितली. आता देव तुला स्वतःच्या दारात बोलावतोय. जाशील?"

आयालनेहच्या कपाळाची शीर ताठ झाली. त्यानं श्वास ओढला, आणि वाळवंटात गेलेल्या संताचं स्तोत्र म्हणता म्हणता त्याला हुंदके आवरेनात. अब्बा साहलेही रडला. "ऐकलंस?"

"मी श्वास ऐकला."

"एनानू, त्याचं बोलणं गेलं आणि स्तुती राहिली. ह्यात तुला देवाचा हात दिसत नाही?"

"दिसतो, अब्बा. डोक्याला उजवी बाजू न् डावी बाजू त्यानंच दिली असणार. पण तो हात कुठं बोट दाखवतोय, ते तुम्ही ठरवताय."

अब्बा साहलेला हे लागलं, पण तो चिडला नाही. म्हणाला, "सणाच्या दिवशी मी सगळ्यांसमोर पुन्हा विचारीन. त्याच्या मनात नसेल तर तो सांगेल."

"कशानं सांगतील?"

अब्बा साहले उठला आणि खेचराकडे गेला.

एनानूनं ना हो म्हटलं, ना नाही. खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच खात्री नव्हती. कुणाला ठाऊक, आजारानं माणूस बदलला असेल. त्याला खरंच जायचं असेल आणि आपण पायात पाय घालत असू. ती रोज त्याच्याकडे बघे आणि विचारी, "जायचंय का तुम्हाला?" आणि तो श्वास ओढी, आणि स्तोत्र येई. कधी तिला वाटे हे 'हो' आहे, कधी वाटे हा बुडणाऱ्याचा श्वास आहे. ज्या माणसाचं एकूण एक कुजकं बोलणं तिनं इतकी वर्षं ऐकलं, त्याच्या मनातलं साधं हो-नाही तिला कळेना.

मग मुलुकेनची खबर आली. तो वाळवंटातच मेला होता, फार आधी, मेंढी कापली त्याच्याही आधी. पंडितांनी लगेच अर्थ फिरवला: पुनरुत्थान म्हणजे स्वर्गात जाणं, मेर्गेतानं सांगितलंच होतं, आपल्यालाच कळलं नाही. वुदे काळे कपडे घालून आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं आयालनेहच्या गुडघ्याला ओठ लावले आणि म्हणाली, "तुम्ही मला खरं सांगितलंत, मेर्गेता. मी अडाणी. तुमचे उपकार."

आयालनेह तिला उठवायला धडपडला. 'नाही' म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा तेच स्तोत्र बाहेर पडलं, तसंच सुरेल, तसंच आनंदी. त्यानं डावा हात तोंडावर दाबला. स्तोत्र बोटांमधून येत राहिलं. वुदे हात जोडून ऐकत होती. एनानूला ते बघवेना. तिनं वुदेला धरून दारापर्यंत नेलं.

परत आली तेव्हा आयालनेह उठून बसला होता. त्यानं तिचा हात धरला, आपल्या मांडीवर आणला आणि त्यावर ठेका दिला. पुन्हा दिला. मिस्राकनं दिला होता तोच. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, झाडाखालचे शिष्य गुरूकडे बघतात तसा.

एनानूला गाणं येत नव्हतं. बायकांना ते कोण शिकवतो? पण शिष्यांच्या मागे लागलेला त्याचा आवाज तिनं जन्मभर भिंतीआडून ऐकला होता, आणि चाली तिच्या कानात पडून राहिल्या होत्या. तिनं दार लावून घेतलं. लाजत, फाटक्या आवाजात ती गायली, "पा... णी..." तो मागून गायला, "आ... ई...", नुसते स्वर, आणि मग ओक्साबोक्शी रडला. आजाराचं रडणं की पापाचं, तिनं विचारलं नाही.

रोज सकाळी त्याचं तोंड धुताना त्यांचं हे चाले. त्याच्या जिभेचा घोडा जुन्या वाटेलाच पळे: पहिलं अक्षर घरचं निघे आणि पुढचं स्तोत्र आपोआप सुरू होई. ती त्याच्या ओठांवर बोट ठेवून थांबवी आणि पुन्हा सुरुवात करी. हळूहळू 'पाणी' आलं, 'नको' आलं. एक दिवस 'मीठ' आलं आणि दोघंही हसली, कारण तक्रार कालवणाबद्दल होती. पण सणाच्या दिवशी पूर्ण वाक्य आलं तरच तो बेटापासून वाचणार होता. तिनं त्याला विचारलं, मोजक्या शब्दांत, जायचंय? त्यानं ठेका धरला, घामाघूम झाला, आणि चालीत म्हणाला, "घ... री..." तेवढ्यावर तिची शंका मिटली. तेव्हापासून ती त्याला एकच वाक्य शिकवत राहिली: मी घरी राहीन. कधी ते जमे, बरेचदा पहिल्याच अक्षराशी अडे. आणि सण उजाडला.

चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या शाली, छत्र्या, नगारे. आयालनेहला खुर्चीवर बसवून मध्ये आणलं होतं. बेटावरचे संन्यासी टोपी आणि वस्त्र घेऊन उभे होते. गायकांच्या दोन रांगा काठ्यांवर हनुवट्या टेकून तयार होत्या, सगळे त्याचेच शिष्य, पुढे देस्ता. एनानू बायकांच्या घोळक्यात होती. वाक्य तिच्या ओठांवर होतं, जणू तिनं मनात म्हटलं तर त्याच्या तोंडून निघेल.

अब्बा साहलेनं मोठ्यानं विचारलं, "मेर्गेता आयालनेह, जगाला मरून देवासाठी जगायला तू राजी आहेस?"

आयालनेहचा डावा हात मांडीवर हलला. ओठ हलले. पण घरी एनानू आधी चाल धरून द्यायची, आणि इथं पायाखाली चालच नव्हती. नुसती शांतता, आणि हजार डोळे. त्याचा ठेका चुकला. त्यानं जोरात श्वास आत ओढला.

"हो म्हणाला!" बायकांनी आनंदाचा गलका केला. एनानू पुढे घुसायला लागली तर कुणीतरी तिला कौतुकानं मिठीच मारली. तोवर वस्त्र पसरलं गेलं होतं. आयालनेह डोक्यापासून पायापर्यंत झाकला गेला आणि देस्तानं मयताची प्रार्थना सुरू केली. संथ, जड चाल; गावातल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी ऐकलेली.

पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि वस्त्राखालून एक आवाज त्या चालीत मिसळला. तो कुणाचा हे सांगायला नकोच होतं. देस्तानं स्वतःचा आवाज लगेच खाली घेतला, कारण गुरूनं ओळ घेतली की शिष्यानं मागे व्हायचं. लोकांनी छातीवर क्रूस काढला. मेर्गेता स्वतःची प्रार्थना स्वतः गात होता.

आता चाल त्याच्या पायाखाली होती. वस्त्रावर डाव्या मांडीपाशी ठेका दिसत होता. आणि त्या मयताच्या सुरात, एकेक अक्षर ओढत, गीझमध्ये नव्हे तर आपल्या रोजच्या अम्हारिकमध्ये, शब्द आले:

"मी... मेलो... ना... ही..."

ओळ संपली आणि दोन्ही रांगांनी, सवयीनं, एका आवाजात, काठ्या हलवत ती मागून गायली. "मी मेलो नाही."

गाऊन झाल्यावर त्यांना कळलं आपण काय गायलो. देस्ताची काठी हवेतच राहिली. पण वस्त्राखालचा आवाज थांबला नव्हता. पुढची ओळ येत होती, एनानूनं शिकवलेलीच, पण तिनं न शिकवलेला एक शब्द घेऊन.

"ए... ना... नूच्या... घ... री... रा... हीन..."

ह्या वेळी मागून कुणी गायलं नाही. एक म्हातारा गायक तेवढा, डोळे मिटून, भरल्या आवाजात तिचं नाव घेत राहिला आणि मग एकटाच पडल्यावर थांबला. आजारी पडल्यापासून तिचं नाव आयालनेहच्या तोंडून आलं नव्हतं. एनानू पुन्हा पुढे घुसली. मिठी मारणाऱ्या बाईनंच तिला वाट करून दिली.

अब्बा साहलेनं वस्त्र उचललं. खाली आयालनेह घामानं भिजला होता. अब्बा साहलेचा आवाज निघाला तो अगदी हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला.

"मी तुझा श्वास ऐकत बसलो, आयालनेह. इतके दिवस. मला क्षमा कर."

आयालनेहनं त्याच्या हातावर हात ठेवला. संन्याशांतला एक जण पुढे आला आणि म्हणाला की मयताच्या प्रार्थनेत घरचे शब्द घालणं हे मोठं पाप आहे. गर्दीतून कुणी म्हणालं, देव गेला आणि सैतान शिरला. देस्तानं मान खाली घातली, आणि त्याला काय आठवतंय हे गावाला न सांगता कळलं.

अब्बा साहले म्हणाला, "तुला ठाऊक आहे ना? नियम तुझाच आहे. आता तुला गायकांत उभं राहता येणार नाही. कधीच नाही; देस्तानं एकदाच गायलं, तुला रोज असंच बोलावं लागणार."

आयालनेह ठेका शोधू लागला. कुणी चाल धरून दिली नाही. त्यानं ती स्वतःच शोधली. बराच वेळ लागला, आणि कुणी हललं नाही.

"बा... हेर..." तो गायला. "उभा... रा... हीन."

त्या दिवसापासून घरी प्रश्न घेऊन कुणी आलं नाही. काहींनी त्याच्या सावलीलाही उभं राहणं सोडलं. मिस्राक येऊन बापाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून गेली. अब्बा साहले मात्र खेचरावर बसून येत राहिला.

पुढच्या रविवारी एनानूनं आयालनेहला हाताला धरून चर्चपाशी नेलं. आत गेले ते गायक. बाहेर, जुन्या देवदारांखाली, भिंतीला टेकून बायका उभ्या राहतात, आणि ज्यांना आत जायची मुभा नाही असे लोक. एनानू लग्न झाल्यापासून तिथंच उभी राहत आली होती. तो तिच्या शेजारी काठीवर भार देऊन उभा राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकत्र ऐकलेली ती पहिलीच उपासना.

आत देस्तानं स्तोत्र सुरू केलं. एका वळणावर तो घसरला. आयालनेहची बोटं काठीवर आवळली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि एनानूला वाटलं, आता ह्याचा आवाज फुटणार. फुटला नाही. त्याच्या गालांवरून पाणी उतरलं आणि त्यानं ते पुसलं नाही. गार वारा सुटला होता. तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

मग त्यानं डाव्या हातानं काठीवर ठेका धरला आणि तिच्याकडे वळून, आतल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, आत चाललं होतं त्याच सुरात विचारलं, "थं... डी... वाज... ते?"

आजारी पडल्यापासून त्यानं तिला काही विचारलं ते आज पहिल्यांदा.

"वाजते," एनानू म्हणाली.

त्यानं काठी भिंतीला टेकवली, एका हातानं आपली जाड चादर कशीबशी सोडवली, आणि अर्धी तिच्या खांद्यावर टाकली.